सांध्याची परीक्षा

वाचकहो, साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत सरस आणि डिंक यांचा विषय निघालेला पाहून आपणांस थोडे नवल वाटले असेल. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तीन-चार पिढ्यांपूर्वीचे एखादे शिसवी कपाट, देव्हारा किंवा पेटी असतेच. घराणे ज्या गावाहून निघाले ते गाव नकाशावर शोधावे लागते, पण त्या काळी घडवलेला देव्हारा अजून जागचा हललेला नाही. त्याचे सांधे सुताराने सरसाने भरलेले असतात. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेला चिकट पदार्थ. त्याचे तुकडे रात्री पाण्यात भिजवायचे, सकाळी भांड्यात भांडे ठेवून मंद आचेवर विरघळवायचे आणि गरम असतानाच लावायचे, अशी रीत होती.

जाणता सुतार नवा सरस कामाला लावण्याआधी लाकडाचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून ठेवी. दुसऱ्या दिवशी ते गुडघ्यावर घेऊन मोडी आणि मोडलेली बाजू उजेडाकडे धरून पाही. लाकडाचे तंतू उपटून निघाले असतील तर सांधा लाकडापेक्षा बळकट ठरला. दोन्ही बाजू गुळगुळीत सुटल्या असतील तर सरस वाईट, नाहीतर लावणाऱ्याचा हात वाईट. या परीक्षेत आकडा नव्हता, पण प्रश्न बरोबर होता.

विसाव्या शतकात माणूस चिकटवलेल्या विमानात बसून आकाशात गेला, तेव्हा आकड्याची गरज पडली. पंख किती जाडीचा करावा, फळीवर फळी किती बोटे चढवावी, हे ठरवायला अभियंत्याला सांध्याचे बळ मोजून हवे होते. ते कसे मोजावे हे ठरायला बराच काळ गेला आणि त्या काळात माणसेही गेली. ‘सांधा किती वजन धरतो?’ हा पहिला प्रश्न होता. ‘कोणत्या दिशेने ओढल्यावर, कोणत्या हवेत, किती वर्षे?’ हे प्रश्न नंतर सुचले, आणि बहुधा अपघातानंतर सुचले. त्यांपैकी एक प्रकरण आपल्याच देशाच्या आकाशात घडले. म्हणून हा इतिहास आपल्यासमोर मांडत आहे.

गुडघ्यावरून यंत्रात

पहिल्या महायुद्धातील विमाने लाकडाची, कापडाची आणि सरसाची होती. सरसाचा मोठा दोष म्हणजे तो ओल्या हवेत मऊ पडतो. म्हणून केसीनचा वापर वाढला. दूध नासवले की जो चोथा उरतो त्यातील हे प्रथिन. चुन्याबरोबर कालवले की त्याचा चांगला चिकटा होतो आणि तो सरसापेक्षा पाण्याला जास्त दाद देत नाही. मात्र दमट उष्ण हवेत त्याला बुरशी लागते.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे १९१० मध्ये सरकारी वनोपज प्रयोगशाळा निघाली होती. विमानांच्या लाकडाचा आणि चिकट्यांचा पद्धतशीर अभ्यास तेथे झाला. तेथील कसोटी अगदी सोपी होती. लाकडाचे दोन ठोकळे थोडे वरखाली ठेवून चिकटवायचे आणि यंत्राच्या जबड्यात असे दाबायचे, की एक ठोकळा दुसऱ्यावरून घसरू पाहील. अशा घसरवणाऱ्या ताणाला पाठ्यपुस्तकात ‘कर्तन’ म्हणतात, कारण कात्रीची दोन पाती अशीच एकमेकांवरून सरकतात. सांधा सुटला की दोन गोष्टी लिहून ठेवायच्या. किती भाराला सुटला ही पहिली. सुटलेल्या पृष्ठावर किती टक्के भागात लाकूड फाटले आहे ही दुसरी. सुताराचा गुडघा येथे यंत्र झाला, पण मोडलेली बाजू पाहण्याची त्याची सवय शास्त्राने टाकून दिली नाही. पुढे ज्यांनी ती टाकली, त्यांना ती परत शिकावी लागली.

डक्सफर्डचा प्रयोगकर्ता

या इतिहासात सर्वांत जास्त वेळा ज्याचे नाव येते तो माणूस म्हणजे नॉर्मन डी ब्रुइन. जन्म १९०४, चिली देशाच्या दक्षिण टोकाला, पुंता अरेनास येथे. केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजचे फेलो, रुदरफर्ड यांच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत भौतिकीचे संशोधक, आणि हौसेने वैमानिक. केंब्रिजजवळच्या डक्सफर्ड गावी त्यांनी जागा घेतली, १९३४ मध्ये स्वतः रचलेले ‘स्नार्क’ नावाचे लाकडी विमान उडवले आणि ‘एरो रिसर्च लिमिटेड’ ही छोटी कंपनी चालवली.

विमान बांधताना त्यांच्या ध्यानात आले, की खरे कच्चे काम चिकट्यात आहे. १९३७ मध्ये त्यांनी युरिया आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून ‘एरोलाइट’ नावाचे कृत्रिम आसंजक बाजारात आणले. आसंजक हा चिकटवणाऱ्या द्रव्यासाठी पाठ्यपुस्तकातला शब्द. येथून पुढे तोच वापरतो. एरोलाइटला बुरशी लागत नसे. रेझिन एका पृष्ठावर आणि ते घट्ट करणारे आम्ल दुसऱ्या पृष्ठावर लावायचे, दोन्ही टेकवले की सांधा घट्ट होऊ लागे. फळ्यांमध्ये थोडी फट राहिली तरी ती भरून निघावी, अशा तऱ्हेने त्यात सुधारणा झाली. कारखान्यातील काम सुताराच्या रंध्याइतके नेटके नसते, हे त्यांनी गृहीत धरले होते. फट भरणाऱ्या आसंजकाची गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचे प्रकरण फटींचेच आहे.

बंगालच्या आकाशात

डी हॅव्हिलंड कंपनीच्या ‘मॉस्किटो’ विमानाने २५ नोव्हेंबर १९४० रोजी पहिले उड्डाण केले. धातूची टंचाई असलेल्या ब्रिटनमध्ये हे विमान फर्निचर बनवणाऱ्या कारखान्यांच्या मदतीने लाकडाचे बांधले गेले. बर्चच्या प्लायवुडच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड, आणि सगळे चिकटवलेले. पहिल्या विमानांत केसीन होते, पुढे युरिया-फॉर्माल्डिहाइड आले. एकूण ७,७८१ मॉस्किटो तयार झाली, आणि आपल्या काळात ती सर्वांत वेगवान विमानांपैकी होती.

१९४४ पर्यंत ती ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी हिंदुस्थानात आली होती. त्या वर्षी पावसाळा संपल्यानंतर काही मॉस्किटो विमाने उडत असतानाच पंख मोडून कोसळली. पंखाचे वरचे आवरण आतल्या मुख्य तुळईपासून उचलले गेल्याचे दिसले. नोव्हेंबरमध्ये येथील विमाने तपासणीसाठी उभी करून ठेवावी लागली. पहिला संशय अर्थातच चिकट्यावर आणि आपल्या हवेवर आला. ऊन, दमटपणा, महिनोन्महिने उघड्यावर पावसात उभी असलेली विमाने पाहता संशय अगदीच निराधार नव्हता.

इंग्लंडहून तपासासाठी मेजर हिअरवर्ड डी हॅव्हिलंड आले. हे कंपनीच्या संस्थापकांचे बंधू. डिसेंबरच्या आरंभी त्यांनी अहवाल दिला, की चिकटा खराब झालेला नाही; पावसाळ्यात लाकूड आक्रसल्यामुळे अपघात झाले. म्हणजे चिकटा सुटला, पण हवा मात्र दोषी राहिली.

नंतर झालेल्या दुसऱ्या चौकशीत वेगळेच निघाले. दोष बांधणीत होता. विमान उत्पादन मंत्रालयाच्या पथकाने इंग्लंडमधील डेफर्ड येथे स्वतंत्र तपासणी केली आणि तेच सांगितले. त्यांना सहा प्रकारच्या मॉस्किटो विमानांत सारखेच दोष सापडले. ती सर्व विमाने कंपनीच्या हॅटफील्ड आणि लीव्हस्डेन या दोन कारखान्यांत बांधलेली होती, आणि त्यांपैकी एकानेही पावसाळा पाहिला नव्हता. चिकटवण्याच्या कामाचा दर्जा पुरेसा चांगला नाही, असा निष्कर्ष निघाला. तरीही हवाई मंत्रालयाने विमानावरचा विश्वास ढळू नये म्हणून ‘मुख्यतः हवामानामुळे’ हीच पहिली भूमिका कायम ठेवली. उपाय म्हणून पंखाच्या आवरणाच्या सांध्यावर लांबीभर प्लायवुडची पट्टी चिकटवून पाणी शिरण्याची वाट बंद करण्यात आली.

युद्ध चालू असताना कारखान्याचा दोष जाहीर करणे सोपे नसते, हे समजण्यासारखे आहे. पण या प्रकरणाचा एक धडा नजरेआड होऊ देऊ नये. आसंजक चांगले होते आणि प्रयोगशाळेत त्याची परीक्षाही झाली होती. प्रयोगशाळेतील तुकडे मात्र नीट रंधलेले, नीट दाबलेले होते. कारखान्यातील सांधा तसा नव्हता. परीक्षा आसंजकाची झाली, सांध्याची झाली नाही. चिकटवलेल्या वस्तूचे बळ बाटलीत नसते. पृष्ठ कसे तयार केले, फट किती राहिली, दाब किती वेळ दिला, यांतून ते निर्माण होते.

पंगतीचा हिशेब

डी ब्रुइन एव्हाना लाकडाकडून धातूकडे वळले होते. १९४१ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी जॉर्ज न्यूवेल यांनी ‘रिडक्स’ शोधले. ‘रिसर्च ॲट डक्सफर्ड’ या शब्दांतून बनवलेले हे नाव. धातूला फेनॉलिक रेझिन चांगले धरते, पण एकटे असले की ते काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ओल्या रेझिनवर पॉलिव्हायनिल फॉर्मल या चिवट प्लॅस्टिकची पूड भुरभुरवायची आणि दाबाखाली तापवायचे. रिडक्स आधी रणगाड्यांच्या क्लचमध्ये, मग डी हॅव्हिलंडच्या ‘हॉर्नेट’ विमानात आणि पुढे ‘कॉमेट’ या पहिल्या जेट प्रवासी विमानात वापरले गेले. ज्या वाचकांनी इंडियन एअरलाइन्सच्या फोकर फ्रेंडशिप विमानातून प्रवास केला असेल, ते रिडक्सने चिकटवलेल्या विमानात बसले होते.

धातूच्या सांध्यासाठी जी परीक्षा जगभर रूढ झाली ती अशी. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, प्रत्येकी एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर रुंद आणि १.६२ मिलिमीटर जाड. त्यांची टोके अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, एकमेकांवर चढवून चिकटवायची आणि दोन्हीकडून ओढायचे. समजा, ८,००० न्यूटन भाराला, म्हणजे साधारण आठशे किलो वजनाला, सांधा सुटला. चिकटवलेले क्षेत्र सुमारे ३२३ चौरस मिलिमीटर. भागाकार केला की दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५ न्यूटन हे उत्तर येते. माहितीपत्रकावर छापला जातो तो हाच आकडा.

आता एखादा तरुण अभियंता म्हणेल, ‘मला चौपट भार पेलायचा आहे, तर चढ चौपट करतो, अर्ध्या इंचाऐवजी दोन इंच.’ हिशेबाने बत्तीस हजार न्यूटन मिळायला हवेत. पण पट्टीचा छेद जेमतेम ४१ चौरस मिलिमीटर आहे. एवढ्या भाराला धातूवर दर चौरस मिलिमीटरला ७६० न्यूटनपेक्षा जास्त ताण येईल, आणि विमानाला वापरतात त्या उत्तम ॲल्युमिनियम मिश्रधातूची ताकद साधारण साडेचारशेच्या आसपास. धातूच आधी तुटेल. तो तुटण्याआधी सांधा टोकांकडून सुटू लागेल, कारण चिकटवलेल्या क्षेत्रावर भार सारखा वाटला जातच नाही.

तो कसा वाटला जातो, हे समजायला लग्नातली पंगत आठवा. लांबलचक पंगतीच्या दोन्ही टोकांकडून दोन वाढपी जिलब्या घेऊन निघतात. पहिल्या पानांवर हात सढळ असतो. पुढे सरकावे तसे ताट रिकामे होते, आणि मधल्या पानांवर जेमतेम एखादी जिलबी पडते. सांध्यातही दोन्ही पट्ट्या आपापल्या टोकाशी सर्वांत जास्त ताणल्या जातात, म्हणून भाराचा मोठा वाटा दोन कडांवर पडतो आणि मधला भाग जवळजवळ मोकळा राहतो. पंगत चौपट लांब केली म्हणून जिलब्या चौपट होत नाहीत.

जर्मनीतील ओलाफ फोल्करसेन यांनी १९३८ मध्ये रिव्हेटच्या सांध्यांसाठी हे गणित मांडले. तेच चिकटवलेल्या सांध्याला लागू पडले. १९४४ मध्ये अमेरिकेत मार्टिन गोलंड आणि एरिक राइसनर यांनी आणखी एक गोष्ट जोडली. एकावर एक चढवलेल्या पट्ट्या एका रेषेत नसतात. ओढल्या की त्या वाकतात, आणि कडांना सांधा घसरण्याबरोबर उचललाही जातो. त्याच वर्षी डी ब्रुइन यांनी दाखवून दिले, की सांध्याचे बळ पट्टीची जाडी आणि चढाची लांबी यांच्या नात्यावर अवलंबून असते. म्हणजे २५ न्यूटन हा आकडा आसंजकाचा गुणधर्म नव्हे. त्या विशिष्ट पट्टीचा, त्या विशिष्ट चढाचा तो गुण आहे. दोन आसंजकांची तुलना करायला, कालचा आणि आजचा माल सारखा आहे का हे पाहायला, ही परीक्षा उत्तम. तिच्यावरून पूल किंवा पंख बांधू नये. आराखड्यासाठी जाड धातूचे, न वाकणारे तुकडे घेऊन आसंजकाचा थर किती भाराला किती सरकतो, हे सूक्ष्म मापकाने मोजण्याची वेगळी पद्धत पुढे बसवावी लागली.

सोलणे आणि पाणी

टपालाचे तिकीट पाकिटावरून बाजूला ओढून पाहा, निघणार नाही. त्याचा कोपरा नखाने उचला. सहज सोलून येते. ओढताना सगळा चिकटा एकत्र काम करतो, सोलताना एका वेळी एकच रेघ. सांध्यातही तसेच आहे. ओढण्याच्या परीक्षेत अव्वल ठरलेले ठिसूळ आसंजक सोलण्याच्या परीक्षेत अगदी तळाला जाऊ शकते. म्हणून पातळ पत्रा इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा वळवून सोलण्याची कसोटी आली. १९६० च्या दशकात मोस्तोव्हॉय आणि रिपलिंग या अमेरिकी संशोधकांनी सांध्यात मुद्दाम चीर पाडून ती पुढे सरकवायला किती ऊर्जा लागते, हे मोजायला सुरुवात केली. काच का फुटते, याचे ग्रिफिथ यांनी विसाच्या दशकात मांडलेले शास्त्र आता आसंजकांच्या कामी आले.

या काळापर्यंत विमानांच्या देखभालीत एक विचित्र गोष्ट दिसू लागली होती. नव्याने चिकटवलेले पत्रे प्रयोगशाळेत उत्तम गुण मिळवत, आणि काही वर्षे वापरल्यावर हाताने उचलावे तसे सुटत. सुटलेली बाजू गुळगुळीत असे. एका पृष्ठावर सगळे आसंजक, दुसऱ्यावर नुसता धातू. आपल्या सुताराने एका नजरेत निदान केले असते. पाणी सांध्याच्या कडेने शिरत होते. ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडच्या थराला आसंजकापेक्षा पाणी अधिक प्रिय, म्हणून पाणी आसंजकाला हुसकावून स्वतः तेथे बसत होते. कोरड्या हवेत दोन मिनिटांत ओढून पाहणाऱ्या परीक्षेला हे दिसणे शक्यच नव्हते.

सत्तरच्या दशकात बोइंग कंपनीच्या अभियंत्यांनी यावर साधी कसोटी काढली. दोन जाड पट्ट्या चिकटवायच्या, एका टोकाला पाचर ठोकायची. सांधा थोडा उकलतो आणि चीर जेथे थांबते तेथे खूण करायची. मग पाचर तशीच ठेवून पट्टी ५० अंश उष्णतेच्या दमट पेटीत ठेवायची आणि चीर किती पुढे गेली ते पाहायचे. पृष्ठ नीट तयार केले असेल तर चीर काही मिलिमीटर सरकते. ते घाईत केले असेल तर ती पट्टीभर धावते. लाकूड फोडणाऱ्याच्या हातातील पाचर आणि आपल्या श्रावणातली हवा, एवढेच या परीक्षेचे साहित्य. मॉस्किटोच्या वेळी हवा आरोपी होती. येथे तिला परीक्षक केले.

ही कसोटी रूढ होण्याआधी बांधलेली विमाने मात्र उडतच होती. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचे सुमारे १८ फूट लांबीचे छत २४,००० फूट उंचीवर उडून गेले. एक हवाई सेविका मृत्युमुखी पडली. वैमानिकांनी उघडे विमान खाली उतरवले. १९६९ मध्ये बांधलेल्या त्या विमानाने ८९,६८० उड्डाणे केली होती. त्याच्या पत्र्यांचे सांधे साध्या तापमानाला घट्ट होणाऱ्या इपॉक्सीने चिकटवून वर रिव्हेट मारलेले होते. हे इपॉक्सी बसवलेले कापड थंड जागी साठवत. त्यावर दव धरले किंवा ते फार वेळ बाहेर राहिले तर सांधा कच्चा होई. असे सांधे सुटले, फटींत पाणी आणि खारी हवा शिरून गंज चढला, आणि जो भार आसंजकाने वाहायचा तो रिव्हेटांच्या भोकांवर आला. भोकाभोकाला चिरा पडल्या आणि एके दिवशी त्या एकमेकींना मिळाल्या. सुटलेले सांधे आणि चिरा वेळीच शोधू न शकणाऱ्या देखभाल व्यवस्थेवर चौकशी मंडळाने ठपका ठेवला.

काळाची परीक्षा

पुस्तकांच्या कपाटाची फळी पहिल्या दिवशी वाकत नाही. वजन तेच असते, पण दहा वर्षांनी मध्ये झोळ दिसतो. आसंजकेही अशीच सतत भाराखाली हळूहळू सरकतात. अभियंते याला क्रीप म्हणतात.

अमेरिकेत बोस्टन शहराखालच्या बोगद्यात छताला जड काँक्रीटचे पत्रे टांगले होते. बोगद्याच्या छतात भोके पाडून, त्यांत इपॉक्सी भरून पोलादी खिळे बसवले होते आणि त्यांवर सगळा भार होता. बसवल्यावर खिळे थोडा वेळ ओढून पाहिले होते, आणि ते पास झाले होते. १० जुलै २००६ च्या रात्री सुमारे २६ टन काँक्रीट आणि लोखंड खाली चालत्या मोटारीवर आणि रस्त्यावर कोसळले; मोटारीतील एक स्त्री ठार झाली. तेथे वापरलेले इपॉक्सी लवकर घट्ट होणाऱ्या जातीचे होते. थोड्या वेळच्या भाराला ते उत्तम, पण कायमच्या भाराखाली सरकणारे. वाईट याचे वाटते, की १९९९ मध्ये बांधकाम चालू असताना शेजारच्या बोगद्यात काही खिळे खाली सरकलेले दिसले होते. ते दुरुस्त केले गेले; ते का सरकले, याच्या मुळाशी कोणी गेले नाही. तो बोगदा स्वतःच परीक्षायंत्र होऊन उत्तर देत होता.

याच संदर्भात पंगतीची गोष्ट पुरी करतो. १९७५ मध्ये अमेरिकी हवाई दलाने डग्लस कंपनीकडे एक मोठा प्रकल्प दिला, विमानाचे धड मुख्यतः चिकटवून बांधता येते का ते पाहण्याचा. तेथे जॉन हार्ट-स्मिथ या अभियंत्याने दाखवून दिले, की सांध्याचा मधला मोकळा भाग वाया गेलेला नसतो. कडांचे आसंजक भाराखाली सरकू लागले, की मधला ताणरहित भाग दोन्ही पत्र्यांना जागच्या जागी धरून ठेवतो, आणि भार उतरला की कडा मागे येतात. अर्ध्या इंचाच्या परीक्षापट्टीत असा मधला भागच नसतो. म्हणून ती दमट उष्णतेत, सावकाश दिलेल्या भाराच्या फेऱ्यांत, सरकत सरकत सुटते. तोच भार भराभर दिला तर सरकायला सवडच मिळत नाही आणि पट्टी टिकल्यासारखी दिसते. तेव्हा चढ लांब ठेवायचा तो अधिक ताकदीसाठी नव्हे, अधिक आयुष्यासाठी. पंगतीत ज्यांच्या पानावर जेमतेम एक जिलबी पडली, त्यांनीच पंगत मोडू दिली नाही.

साक्षीदार पट्टी

एवढ्या परीक्षा जमल्यावर वाटेल, की आता सांध्याचे सगळे कळते. एक गोष्ट अजूनही कळत नाही. समोर असलेला, प्रत्यक्ष विमानात बसलेला सांधा किती बळकट आहे, हे तो न मोडता सांगता येत नाही. फोकर कंपनीने ध्वनिलहरींनी सांधे तपासण्याचे उपकरण बनवले आणि त्याचा फार उपयोग झाला. पोकळी, फट, सुटलेली कड अशी उपकरणे दाखवतात. पण दोन पृष्ठे एकमेकांना नुसती टेकली आहेत, चिकटलेली नाहीत, असा सांधा बहुधा त्यांच्या नजरेतून सुटतो. ध्वनीला तो निरोगी दिसतो.

म्हणून चांगल्या कारखान्यांत एक साधी रीत आहे. मोठा पत्रा चिकटवताना त्याच्याबरोबर एक लहान पट्टीही चिकटवतात. तोच धातू, तेच धुण्याचे कुंड, त्याच डब्यातले आसंजक, तीच भट्टी, तोच तास आणि तेच हात. मग मोठा पत्रा विमानाला जातो आणि लहान पट्टी मोडून पाहतात. तिला साक्षीदार पट्टी म्हणता येईल. तिची साक्ष खरी असेल तर मोठ्या सांध्यावर भरवसा ठेवायचा. आणि ती खरी असण्यासाठी एकच अट आहे, की तिच्यावर जास्त मेहनत घेतलेली नसावी. साहेब पाहणार म्हणून पट्टी काळजीने घासली आणि पत्रा उरकला, तर पट्टी पास होईल आणि पंख नापास. ही अट कोणतेही यंत्र तपासू शकत नाही. मॉस्किटोच्या कारखान्यांत जे कमी पडले ते हेच होते, आणि पाऊस बिचारा नाहक बदनाम झाला.

आपल्या घरी दोन नळ्यांचे ॲराल्डाइट असते. त्या नावात एरो रिसर्च लिमिटेडची, डी ब्रुइन यांच्या डक्सफर्डच्या कंपनीची, आद्याक्षरे अजून ऐकू येतात. ती कंपनी पुढे सीबा या स्विस कंपनीकडे गेली, आणि गुजरातेत वलसाडजवळ अतुल येथे सीबाच्याच भागीदारीत इपॉक्सी रेझिने तयार होऊ लागली. पुढच्या वेळी कपाची कान तुटली आणि आपण त्या नळ्या उघडल्या, तर पृष्ठ खरवडून, धुऊन, पूर्ण कोरडे करून घ्या. दोन्ही नळ्यांतले सारखे मापून घ्या. आणि सांधा घट्ट होईपर्यंत हलवू नका. तरीही तो सुटला, तर नळीला किंवा हवेला दोष देण्याआधी दोन्ही तुकडे उजेडाकडे धरून पाहा. एक बाजू स्वच्छ आणि गुळगुळीत असेल, तर कोठे चुकले ते आपल्या पणजोबांच्या सुताराने सांगितलेच आहे.